न्हाणीला छत नसतं

दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यामुळं हे पान मी अडवावं की नाही, याचा बराच विचार केला. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, काम केलंस ना, मग लिही. म्हणून लिहीत आहे. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझं काम ड्रोन उडवण्याचं. आमचं वाघळगाव नांदेड आणि लातूरच्या मधे, कंधारच्या अलीकडं आहे. गावात गुरुवारचा बाजार भरतो, पोलीस ठाणं आहे आणि रऊफभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. मी नांदेडला कॉलेजला जातो आणि लग्नसराईत रऊफभाईंकडं काम करतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळं मी तिथं नक्की काय शिकतो हे घरी कुणाला नीट सांगता येत नाही. ड्रोनचं मात्र सगळ्या नात्यात माहीत आहे. कुणी विचारलं तर आई सांगते, "आमचं लेकरू विमानाच्या खात्यात हाय."

हे काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही, आणि मी सांगतो तेवढं अवघडही नाही. चार पंखे, पोटाखाली कॅमेरा, हातात रिमोट आणि रिमोटवर मोबाईल. वर काय दिसतंय ते मोबाईलवर कळतं. बॅटरी लवकर संपते, म्हणून नवरदेव घोड्यावर नीट बसल्याशिवाय उडवायचं नाही. विजेच्या तारा स्क्रीनवर दिसत नाहीत, त्या आधीच पायी फिरून बघून ठेवायच्या. आणि घारीपासून सांभाळायचं. तिला वाटतं आपल्या हद्दीत दुसरी घार आली, मग ती सरळ अंगावर येते. अशा वेळी पळायचं नाही, सरळ वर चढायचं. घारीला तसं वर चढता येत नाही.

माणसांचं शूटिंग त्याहून अवघड. ड्रोन वर गेला की वऱ्हाड जेवण सोडून वर बघतं, त्यामुळं आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांच्या व्हिडिओत नुसत्या हनुवट्या दिसतात. एका मुलीचे मामा ड्रोनला हात जोडून, तोंड वर करून मांडवभर त्याच्या मागं फिरले. आचाऱ्याच्या कढईपाशी त्यांना दोघांनी धरलं. दुसऱ्या एका लग्नात एका पाहुण्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, तुझं पाखरू जरा माझ्या रानावरून फिरवून आण, धाकट्या भावानं बांध कोरलाय का ते बघायचंय. मी म्हणालो, काका, हे लग्नाचं आहे.

"मग लग्नाचंच हाय की," तो म्हणाला. "भाऊबी लग्नालाच आलाय. आत्ता रानात कुणी न्हाई."

एका वरमाईला कुणाची माणसं न जेवता गेली ते वरून बघायचं होतं. असं होतं. वरून बघायला मिळतंय म्हटलं की माणसाला आपलं घर बघावंसं वाटत नाही, शेजाऱ्याचं बघावंसं वाटतं. मी तेव्हा हे गंमत म्हणून घ्यायचो.

लग्नसराई नसली की आम्हाला बंदोबस्ताचं शूटिंग मिळायचं. पुष्कळांना माहीत नसतं, मिरवणूक किंवा मोर्चा असला की पोलीस गावातल्याच फोटोवाल्याला बोलावतात. काही गडबड झाली तर पुरावा असावा म्हणून. यात अडचण एकच. लोक मला लग्नातला म्हणून ओळखतात. कॅमेरा पोलिसांचा आहे हे विसरून सगळे टोप्या नीट करतात, पोरांना पुढं करतात. एकदा तहसीलवर मोर्चा होता. घोषणा देणारे पुढारी माझ्यासमोर थांबले, दोन घोषणा जास्त दिल्या आणि जाता जाता हळूच म्हणाले, "याची एक कॉपी दे बरं."

तेव्हाचे आमचे ठाणेदार वयानं तरुण होते. बाहेरच्या जिल्ह्यातले, स्पर्धा परीक्षा देऊन आलेले. मला त्यांच्याकडं बघून वाटायचं की आपणही नीट अभ्यास केला तर असं होता येईल. आमच्या जत्रेत एक लहान मुलगी हरवली होती. त्यांनी मला ड्रोन उडवायला सांगितलं आणि मला ती पाळण्याच्या मागं उसाच्या गाडीखाली बसलेली दिसली. साहेबांनी तिला स्वतः उचलून आणलं. साहेब मला तेव्हा आवडले होते आणि पुढं जे झालं त्यानंतरही मनातून उतरले नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी सणात दोन मंडळांमधे कुणाचा डीजे पुढं यावरून भांडण झालं. एकाचं डोकं फुटलं, दुसऱ्याचा भोंगा. आठवड्यात दोन्ही मंडळं एका पंगतीला जेवली. पण दरम्यान जिल्ह्याहून जाळीची निळी गाडी आली. दंगल आवरायला असते ती, काचांवर लोखंडी जाळ्या, वर धूर सोडायची नळी. तिच्याबरोबर लांब बंदुका घेतलेले जवान आले आणि त्यांनी बाजारपेठेतून संचलन केलं. शाळेतली मुलं दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली, त्यांना सव्वीस जानेवारी वाटली. एका जवानाला हसू आवरेना.

जवान परत गेले, गाडी राहिली. ती उभी केली होती नेमकी बाजारातल्या कडुलिंबाखाली, सुभद्राकाकूंच्या जागेवर. काकू बांगड्या विकतात. त्यांची सासूही तिथंच बसायची. काकूंनी सुरुवातीला मनावर घेतलं नाही. त्यांनी जाळीला आकडे अडकवले आणि बांगड्यांचे जुडगे टांगले. ते फार छान दिसायचं, निळ्या जाळीवर लाल-हिरव्या बांगड्या. गाडीवर बसवलेले हवालदारमामा गिऱ्हाइकाला माप सांगायला लागले. एका नवरदेवानं त्या गाडीपुढं उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला. मग साहेबांनी ते बघितलं आणि जुडगे उतरवायला लावले. काकू गटारीकडं सरकल्या, आणि तिथं बांगड्या भरायला कुणी बाई बसेना. गाडी कधी हलणार म्हणून त्या दर बाजारी ठाण्यात विचारायच्या. वरून आदेश आला की हलवू, असं उत्तर मिळायचं.

मग साहेबांनी शांतता कमिटीची बैठक बोलावली. गावात सगळ्या समाजांचे चार-चार मोठे लोक धरून ही कमिटी केलेली असते. सणाच्या आधी बसायचं, चहा घ्यायचा आणि शांतता राखू असं म्हणायचं. या वेळी बायकांनाही बोलावलं होतं. विषय नवा होता. ठाण्यात मोठ्या स्क्रीनची खोली झाली होती, आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ गावावरून ड्रोनची गस्त सुरू होणार होती. ठाण्याचा स्वतःचा ड्रोन येईपर्यंत स्टुडिओचा वापरायचा आणि मी उडवायचा, असं रऊफभाईंशी ठरलं होतं. लोकांना आधी प्रात्यक्षिक दाखवावं, त्यांचा विश्वास बसावा, अशी साहेबांची इच्छा होती. हे त्यांनी मनापासून केलं, यात मला शंका नाही.

ग्रामपंचायतीच्या हॉलमधे टीव्ही लावला. मी दारात उभा राहून उडवणार आणि सगळ्यांना आत दिसणार. मी साहेबांना विचारलं, बाजाराच्या अंगानं घेऊ का, घरांवरून नको. ते म्हणाले, गल्लीबोळ दिसले पाहिजेत, तेच तर दाखवायचंय.

इथं न्हाणीविषयी सांगायला पाहिजे. आमच्याकडं अंघोळीची न्हाणी परसात असते. चार भिंती खांद्याच्या वर जातील एवढ्या, खाली फरशी, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल. वर छत नसतं. धूर निघून जातो, ऊन आत येतं, शेवाळ धरत नाही. पिढ्यान् पिढ्या बांधणाऱ्यांनी शेजाऱ्याचा विचार केला, रस्त्याचा केला. आभाळातून कुणी बघेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

टीव्हीवर गाव दिसायला लागलं तसे सगळे खूश झाले. ते बघ आपलं घर, ती बघ आमची म्हैस. घरांच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छपरांवर, कुरडया वाळत होत्या, कुणाच्या जास्त यावर बायकांची चर्चा सुरू झाली. समोरच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती आप्पांची. आप्पा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यांत जुने किराणा दुकानदार, शंकराचे मोठे भक्त. त्यांचं पूजापाठाचं सगळं सावकाश असतं, त्यामुळं बैठकीला उशीर. साहेबांनी विचारलंही, आप्पा आले नाहीत का?

आणि आप्पा टीव्हीवर आले.

न्हाणीत दगडावर बसलेले, डोक्याला साबण, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. वर घरघर ऐकू आली म्हणून त्यांनी डोळे उघडले, साबण गेला म्हणून मिटले, आणि मग मिटल्या डोळ्यांनीच उभं राहून तांब्याभर पाणी आभाळात फेकलं. मी लगेच कॅमेरा फिरवला, पण तोपर्यंत अख्ख्या कमिटीनं आप्पा पाहिले होते. हवालदारमामांनी सवयीनं टोपी सरळ केली. हॉलमधे असं हसू फुटलं की साहेबांनाही रुमाल तोंडाला लावावा लागला.

सुभद्राकाकू हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

"आज आप्पा होते म्हणून हसून राहिलो आपण," त्या म्हणाल्या. "साहेब, ते ठाण्यात बसून बघणार कोण?"

"ड्यूटीवरचा कर्मचारी," साहेब म्हणाले.

"म्हंजे गडीमाणूसच."

साहेबांनी समजावलं की घरांवर कॅमेरा थांबणार नाही, रेकॉर्डिंग जपून राहील, नियम आहेत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम तुमच्या कपाटात राहातेत साहेब. आमच्या न्हाणीला छत न्हाई."

तेवढ्यात ओले केस पुसत आप्पा आले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं आणि खुर्चीवर बसले. हवालदारमामांनी त्यांच्या कानात सांगितलं. आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "असं हाय का. मग च्या तर सांगा. दर्शन फुकटात झालं समद्यांना."

बैठक तिथंच संपली. पण जाता जाता साहेबांनी मला सांगितलं, सोमवारपासून सुरू करायचं. योजना मंजूर आहे, लोकांना हळूहळू सवय होते.

माझी पंचाईत इथून सुरू झाली. आमच्याकडं लग्नात ड्रोन उडवायचा तरी ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. परवानगी त्यांच्या हातात, आणि सराई तोंडावर आलेली. साहेबांना नाही म्हटलं तर स्टुडिओ अडचणीत. हो म्हटलं तर गावात मला लग्नाला कोण बोलावणार? त्या दोन दिवसांत मी गल्लीतून जायला लागलो की दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बायका आत जायच्या. माझ्या हातात ड्रोन नव्हता तरी. याच बायकांनी मांडवात मला बोलावून बोलावून आपल्या पोरींचे व्हिडिओ काढून घेतले होते.

मी रऊफभाईंना म्हणालो, आपण नको म्हणू या. ते काउंटरमागं खुर्चीत बसले होते. बराच वेळ फ्रेमच्या काचा पुसत राहिले.

"हे बघ बाबा," ते म्हणाले, "तू कालेज का लडका है, तुझं बोलणं चालतंय. मैं दुकानदार हूँ. मला उद्याबी याच ठाण्यासमोरून शटर उघडायचंय."

ते खोटं बोलत नव्हते.

घरी आई भाकरी करत होती. तिला बैठकीतलं सगळं कळलं होतं. तिनं विचारलं, "सोमवारी तूच उडवणार का?"

"हाव."

"वरून आपली न्हाणी दिसती का?"

"दिसते."

तिनं भाकरी उलटली. "मंग मी दिसन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिनं पेटीतली जुनी हिरवी साडी काढली होती आणि न्हाणीच्या भिंतींवर चारी बाजूंनी दगड ठेवून ताणून बसवली होती. शेजारच्या वहिनींनी विचारलं, सावलीला का? आई म्हणाली, सावलीलाच म्हण. वहिनींनी आपली काढली. दुपारपर्यंत आमची गल्ली झाली. सुभद्राकाकूंना कळल्यावर त्यांनी बांगड्यांचं टोपलं घेऊन दारोदार जाण्याच्या निमित्तानं गाव पालथं घातलं. आप्पांनी दुकानातलं ताडपत्रीचं कापड दिलं, पण बायकांना ते पसंत पडलं नाही, साड्याच पाहिजेत. मग न्हाणीवरून परसावर, परसावरून गल्लीवर अशा साड्या वाढत गेल्या. दोरी इकडच्या खुंटीला आणि तिकडच्या खिडकीला. खालून चालताना अंगावर रंग पडायचे. मुलं तर तिथून हलायलाच तयार नव्हती.

सोमवारी मी ठाण्यात गेलो. अंगणातून ड्रोन उडवला आणि रिमोट घेऊन स्क्रीनच्या खोलीत साहेबांशेजारी उभा राहिलो. हवालदारमामाही होते. ठाण्याची भिंत ओलांडली, बाजार आला, आणि मग गाव दिसेना. गावाच्या जागी साड्या होत्या. काठाच्या, बुट्ट्यांच्या, विटलेल्या, दोन-तीन तर लग्नातल्या शालूसारख्या चमकणाऱ्या. मी एवढी लग्नं वरून पाहिली, पण एवढा मोठा मांडव पाहिला नव्हता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

हवालदारमामा स्क्रीनजवळ गेले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ती पोपटी आमची हाय साहेब," ते म्हणाले. "घरच्यांनी सांगितलं न्हवतं."

साहेबांनी थोडा वेळ बघितलं. मग मला म्हणाले, खाली घे.

ड्रोनच्या पंख्यांचा वारा खाली जोरात बसतो. लग्नात मी मुद्दाम उंच राहतो, नाहीतर अक्षता उडतात, मांडवाची झालर सुटते, कुणाचा पदर डोक्यावरून जातो. दगडांनी दाबलेल्या साड्या त्या वाऱ्यापुढं टिकणार नव्हत्या. हे मला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"साहेब, खाली घेतला तर साड्या उडतात," मी म्हणालो.

"उडू दे."

स्क्रीनवर तेव्हा आमचीच गल्ली होती. हिरवी साडी ओळखू येत होती. सकाळची वेळ, बाया अंघोळीच्या. मी रिमोटवरचा अंगठा काढला. ड्रोन जागच्या जागी थांबला.

"नाही घेणार साहेब."

"तुला कळतंय का तू कुणाला नाही म्हणतोयस?"

"हो साहेब. म्हणून तर हळू म्हणालो."

हवालदारमामांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी ड्रोन वर चढवला, आल्या वाटेनं परत आणला, अंगणात उतरवला, पंखे दुमडून पेटीत ठेवला आणि पेटी उचलून बाहेर आलो. मला कुणी अडवलं नाही. साहेब ओरडलेही नाहीत. ते फक्त म्हणाले की आता लग्नाचे अर्ज येऊ देत, बघू.

आणि त्यांनी बघितलं. त्या सराईत आमच्या एकाही अर्जावर सही झाली नाही. नामंजूर असंही कुणी म्हणालं नाही. साहेब बाहेर गेलेत, शिक्का सापडत नाही, उद्या या. रऊफभाई पहिले काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही लोकांनी ड्रोन नाही म्हणून लातूरचा फोटोवाला ठरवला, त्याचं मला वाईट वाटलं. मग एक दिवस रऊफभाईंनी लांब बांबू आणला, त्याला छोटा कॅमेरा बांधला आणि माझ्या हातात दिला. "घे तुझा ड्रोन," ते म्हणाले. "याला फक्त बांबूवाल्याची परवानगी लागती." ती सराई मी बांबू खांद्यावर घेऊन काढली. वऱ्हाडी मला झेंडेवाला म्हणायचे.

दरम्यान बायकांनी महिला ग्रामसभा घ्यायला लावली. ही सभा कागदावर नेहमीच होते, खरी झालेली मी पहिल्यांदा पाहिली. पटांगणात जागा उरली नाही. साहेबही आले, हे त्यांचं मोठेपण. आप्पांना बोलायचा आग्रह झाला. ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सत्तर वर्सं झाली, मी गिऱ्हाइकाला कधी पाठ दाखवली न्हाई. ती मशिनीनं दाखवायला लावली." सभा हसून दमली तेव्हा ते पुन्हा बोलले, पण आवाज खाली आला होता. त्यांनी सांगितलं की त्या दिवसापासून अंघोळीला बसलं की आधी वर बघितलं जातं आणि मंत्र चुकतो. लहानपणापासून कधी चुकला नव्हता. यावर कुणी हसलं नाही.

ठराव झाला की घरांवरून गस्त नको आणि जाळीची गाडी बाजारातून हलवावी. साहेबांनी शांतपणे सांगितलं की भावना समजतात, पण ग्रामसभेचा ठराव पोलिसांना बांधत नाही.

सुभद्राकाकू बसल्या जागेवरूनच बोलल्या. "तुमाला बांधत नसंल साहेब. आमाला तर बांधतो की. आमच्यातलं कुणी ते उडवणार न्हाई, उडवणाऱ्याला धाबं देणार न्हाई, आन साड्या काढणार न्हाई. एवढंच लिहा ठरावात."

तसंच लिहिलं. हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात वर केलाच होता. माझ्या मागं रऊफभाई उभे होते हे मला माहीत नव्हतं. त्यांचाही हात वर होता, कोपरातून वाकलेला, ठाण्याच्या बाजूनं दिसू नये असा. पण वर होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते तेवढं रंगतदार नाही. जिल्ह्याहून दुसरा ड्रोन एकदा येऊन गेला. त्यालाही साड्याच दिसल्या. मग एक मोठे अधिकारी स्वतः आले. आप्पांनी त्यांना साड्यांच्या सावलीत खुर्ची टाकून चहा दिला. बाहेर ऊन तापलं होतं आणि गल्लीत गारवा होता. अधिकाऱ्यांनी दुसरा कप मागितला. त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण गस्त बंद झाली आणि एका बाजारी निळी गाडी ठाण्याच्या आवारात गेली. काकूंनी लिंबाखालची जागा झाडून घेतली. चौकात मात्र खांबांवर कॅमेरे लागले, ते आहेत. त्या ठरावात चौक लिहायचा राहिला. कुणाच्याच लक्षात आलं नाही, मला अजून त्याची चुटपुट वाटते.

साहेबांची बदली झाली, ती वेळ झाली म्हणून. जाण्याआधी ते पासपोर्टचा फोटो काढायला स्टुडिओत आले. मीच काढला. हनुवटी खाली घ्या म्हणालो, त्यांनी घेतली. निघताना ते म्हणाले, "आमच्या गावाकडच्या घरालाही तशीच न्हाणी आहे. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही." मी म्हणालो, साहेब, फोटो चांगला आलाय.

या सराईत परवानग्या पुन्हा मिळायला लागल्या. पण एक बदल झाला आहे, तो माझ्यामुळं नाही तरी माझ्याच ड्रोनमुळं. पूर्वी घरघर ऐकू आली की बायका पोरांना उचलून वर दाखवायच्या. आता त्या आधी पदराकडं बघतात, मग वर. एकदा घुसलेली भीती ठरावानं निघत नाही, हे मला कळलं. म्हणून उडवायच्या आधी मी वाटेवरच्या प्रत्येक घरी जातो आणि सांगतो की लग्नाचा आहे, मीच उडवतोय, एवढ्या वाटेनं जाणार, चालेल का? बहुतेक जण म्हणतात, जा की बाबा. कुणी थांब म्हणतं. थांब म्हटलं की थांबायचं, हा नियम मी माझ्यापुरता केला आहे.

परवा एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसला होता, बँडवाल्यांनी एकच गाणं तिसऱ्यांदा धरलं होतं आणि मुलीचे वडील माझ्या नावानं हाका मारत होते. सगळी घरं झाली होती, एक राहिलं होतं. तिथं नवीन बिऱ्हाड आलेलं, माझ्या ओळखीचं नाही. मी कडी वाजवून सांगितलं. आतून पाण्याचा आवाज थांबला आणि एक बाई म्हणाली, "जरा दम धरता का भाऊ?"

मी पेटीवर बसलो. मुलीचे वडील धावत आले आणि विचारायला लागले, अरे, कशासाठी अडलंय? मी सांगितलं, आत एक ताई अंघोळ करून राहिल्यात. ते थांबले, बंद दाराकडं बघितलं, आणि मागं वळून त्यांनी बँडवाल्यांना हातानंच खूण केली, अजून एक होऊन जाऊ द्या.